रोजचं वचन, पण अख्ख्या अध्यायासकट

रोज बायबलमधलं एक वचन घ्यायचं आणि दिवसभर ते सोबत ठेवायचं हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण ते करायचं कसं हे मला कळलं नोकरी गेल्यानंतरच्या काळात. कंपनीने आमचा अख्खा विभागच बंद केला आणि त्याच सुमारास बाबांचं आजारपण सुरू झालं, त्यामुळे सकाळी डोळे उघडले की आधी मोबाईलवर नोकरीचे मेल, मग बाबांच्या औषधांच्या वेळा, मग परत मेल, रात्री झोप नाही, असं सगळं चाललेलं. अशा वेळी ओळखीचे लोक प्रेमाने वचनं पाठवतात, सूर्योदयाच्या फोटोवर लिहिलेली, डोंगराच्या फोटोवर लिहिलेली. मी ती मनापासून वाचायचे, बरं वाटायचं, आणि तासाभरात परत तीच धडधड. वचन खरं आहे यावर माझा विश्वास होताच, पण सकाळी सातला वाचलेलं ते खरं वचन अकरा वाजता नकाराचा मेल आल्यावर माझ्यापर्यंत पोचत का नाही, हा प्रश्न मला फार छळायचा.

त्यातलं सगळ्यात जास्त वेळा आलेलं वचन म्हणजे यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया या पुस्तकाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन. तुमच्याविषयी माझ्या मनात काय योजना आहेत ते मी जाणतो, त्या तुमच्या भल्याच्या आहेत, वाईटाच्या नाहीत, तुम्हाला आशा देणाऱ्या आहेत, असा त्याचा अर्थ. आमच्या बायबल अभ्यासाच्या गटात एक मावशी आहेत, वयाने खूप मोठ्या, बोलतात कमी. त्यांना मी म्हटलं, "मावशी, हे वचन मला सगळेच पाठवतायत, पण ते धरून मी आज नेमकं काय करू तेच कळत नाही." त्या म्हणाल्या, "अगं, तू अकरावं वचन वाचलंस, दहावं वाचलंस का? आणि पाचवं? घरी जा आणि अध्याय पहिल्यापासून वाच, घाई करू नको."

पहिल्यापासून वाचला आणि मी बघतच राहिले. ते एक पत्र आहे. यरुशलेमेत असलेला यिर्मया संदेष्टा बाबेलात धरून नेलेल्या यहूदी लोकांना लिहितोय. त्या लोकांचं घर, गाव, मंदिर सगळं मागे राहिलंय आणि त्यांना एकच ऐकायचंय, आम्ही परत कधी जाणार. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा सगळ्यांसमोर ठासून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळणार, आणि लोकांना हेच तर हवं होतं. यिर्मयाच्या पत्रात मात्र दोन नाही, सत्तर वर्षं आहेत. सत्तर! म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना स्वतः परत जायला मिळणारच नव्हतं. आणि ही सत्तर वर्षांची बातमी दहाव्या वचनात आहे, तिला लागूनच ते अकरावं वचन येतं जे आपण फोटोवर वाचतो. त्याच्याही आधी, पाचव्या वचनापासून, देव त्यांना कामं सांगतो. घरं बांधा आणि त्यात राहा, बागा लावा, लग्नं करा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं बघा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा.

हे वाचून मला जो धीर आला तो फोटोवरच्या वचनाने कधी आला नव्हता, खरंच. कारण माझं तेव्हा सगळंच नोकरी लागली की मग यावर अडकून पडलं होतं, नोकरी लागली की मग कोर्स, नोकरी लागली की मग नीट जेवणखाण, नोकरी लागली की मग मैत्रिणींना फोन. आणि इथे देव म्हणतोय की लांबणार आहे, पण मी विसरलेलो नाही, तोपर्यंत बाग लाव. त्याच दिवशी मी बरेच दिवस मनात असलेला ऑनलाईन कोर्स सुरू केला आणि बाबांच्या औषधांचा एक मोठा तक्ता करून भिंतीवर लावला, म्हणजे रात्री मी झोपलेली असले तरी आईला कळेल. एवढंच. पण अकरा वाजताच्या मेलपर्यंत पोचलेलं ते पहिलं वचन होतं, कारण मेल आला तेव्हा मी काहीतरी लावत होते, नुसती वाट बघत नव्हते.

मग मला हेही समजलं की अध्याय आणि वचनांचे आकडे मुळात लिहिणाऱ्यांनी घातलेलेच नाहीत. आजचे अध्याय पाडले ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात, ते काम स्टीफन लँग्टनच्या नावावर सांगितलं जातं, आणि नव्या कराराला आज जे वचनांचे क्रमांक आहेत ते रोबेर एस्तिएन या छपाईवाल्याने १५५१ मध्ये छापले. म्हणजे नव्या करारातली कितीतरी पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या पौलाने पत्र लिहिलं तेव्हा त्याच्या डोक्यात चौथा अध्याय तेरावं वचन असं काही नव्हतं, तो एका दमात बोलत गेलाय. हे आकडे सोयीचे आहेत, मला ते आवडतातही, शोधायला बरं पडतं, पण आकडा दिसला म्हणून तिथेच वाक्य तोडायचं असं काही नाही हे डोक्यात पक्कं बसलं आणि वाचायची पद्धतच बदलली.

पद्धत म्हणजे फार काही नाही. मी एक पुस्तक धरते, छोटंसं, आणि क्रमाने वाचते, दिवसाला एक अध्याय. मोठा असेल तर अर्धा. स्तोत्र ११९ मध्ये १७६ वचनं आहेत, ते काय एका सकाळी होत नाही, आणि व्हायलाही नको. वाचताना जे वचन थांबवतं ते वहीत उतरवून काढते, हाताने, मोबाईलमध्ये नाही, कारण हाताने लिहिताना वेग कमी होतो. त्याखाली दोन ओळी. पहिली, हे कोण कोणाला म्हणतंय आणि तेव्हा त्यांची काय अवस्था होती. दुसरी, आज यातलं मी काय करणार. दुसरी ओळ करता येण्यासारखी असली पाहिजे हा माझा हट्ट आहे, देवावर भरवसा ठेवीन असं मी तिथे लिहीत नाही, कारण ते संध्याकाळी तपासता येत नाही. आज रिपोर्ट यायच्या आधी गुगलवर आजाराची नावं शोधणार नाही, हे तपासता येतं. रात्री वही परत उघडते, झालं की नाही एवढं बघते, नसेल झालं तर तेच वचन उद्याही. ही पद्धत मावशींना दाखवली तर त्या म्हणाल्या, "पहिली ओळ कधी गाळू नको, दुसरी एखाद दिवशी राहिली तर चालेल." तेव्हा मला वाटलं उलट असायला हवं, पण आता पटतं, कारण पहिली ओळ नसली की दुसरी आपण आपल्याला पाहिजे तशी लिहितो.

पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राने तर मला फारच सांभाळलं. चारच अध्याय आहेत, कोणीही एका बैठकीत वाचू शकतं. त्यातलं "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे" हे ४:१३ परीक्षेच्या आधी, मॅचच्या आधी, इंटरव्ह्यूच्या आधी म्हटलं जातं, मीही इंटरव्ह्यूला जाताना म्हणायचे, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण पौल ते कुठून लिहितोय, बंधनात असताना. आणि आधीच्या दोन वचनांत तो जे म्हणतोय ते जिंकण्याबद्दल नाहीच आहे, तो म्हणतो मी कमीत राहायला शिकलोय आणि भरपूर असताना राहायलाही शिकलोय, भुकेलं राहायला आणि पोट भरलेलं असतानाही. शिकलोय म्हणतोय! म्हणजे त्यालाही ते एकदम आलेलं नाही. मला या एका गोष्टीने इतकं बरं वाटलं की काय सांगू, कारण समाधान हा काही लोकांचा स्वभाव असतो आणि माझा नाही असं मी धरून चालले होते. आणि त्याच्या लगेच पुढचं चौदावं वचन तर मी कुठल्याच फोटोवर बघितलेलं नाही, तिथे तो म्हणतो, तरीपण तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. म्हणजे सर्व काही करायला शक्तिमान असलेला माणूस पुढच्याच वाक्यात मदतीबद्दल आभार मानतोय, ती मदत घेऊन आलेल्या एपफ्रदीताचं नावही लिहितोय, आणि तो एपफ्रदीत किती आजारी पडला होता, अगदी मरणाच्या दारात होता, हे दुसऱ्या अध्यायात काळजीने सांगतोय.

त्या दिवशीची माझी दुसरी ओळ होती, दादाला फोन करून सांगायचं की हॉस्पिटलच्या फेऱ्या मला एकटीला जमत नाहीयेत. आत्तापर्यंत मी जमतंय जमतंय म्हणत होते, आणि माझ्या मनात ते विश्वासाचंच लक्षण होतं, की देव सामर्थ्य देतो ना मग मागायचं कशाला कोणाकडे. चौदाव्या वचनाने ते सोडवलं. दादा आला. तो म्हणाला, "तू काही बोललीच नाहीस, मला वाटलं तुझं सगळं व्यवस्थित चाललंय." मग आम्ही दिवस वाटून घेतले.

आता एलीया संदेष्ट्याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण थकलेल्या माणसाला मी बायबलमधलं एकच काही वाचायला सांगायचं झालं तर १ राजे १९, म्हणजे राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९वा अध्याय सांगेन. आदल्या अध्यायात कर्मेल डोंगरावरचा तो मोठा प्रसंग झालेला असतो, स्वर्गातून अग्नी, लोक पालथे पडतायत, पाऊस येतो, म्हणजे एलीयाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय. आणि पान उलटलं की ईजबेल राणीचा एक निरोप येतो, तुला मारणार, आणि हा माणूस जीव घेऊन पळतो. बैर-शेबाला आपल्या चाकराला सोडतो, एकटाच एक दिवसाची वाट रानात चालतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे झालं देवा, माझा जीव घे. आणि झोपतो.

इथे देव काय करेल असं वाटतं? मला वाटलं होतं की रागावेल, किंवा निदान आठवण करून देईल की अरे परवाच तर एवढा अग्नी पाडला. तसं काहीच होत नाही. एक देवदूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पितो आणि परत झोपतो. कोणी त्याला म्हणत नाही की झोपतोस काय. देवदूत परत येतो, परत हात लावतो, परत खायला देतो, आणि या वेळी कारण सांगतो, कारण तुला पुढे फार लांब जायचंय. मग त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून होरेब डोंगराला पोचतो, आणि तिथे गेल्यावर मग त्याला प्रश्न विचारला जातो, एलीया, तू इथे काय करतोस? प्रश्न आधी नाही आला. आधी झोप, जेवण, परत झोप, परत जेवण, प्रवास, आणि मग प्रश्न.

मी हा अध्याय वाचला तेव्हा बाबांच्या ऑपरेशननंतरचे दिवस होते आणि मी रोज रात्री जागरण करून सकाळी परत प्रार्थनेला बसायचे आणि प्रार्थना होत नाही म्हणून रडायचे. त्या दिवशी वहीत दुसरी ओळ लिहिली ती फक्त एवढीच, दुपारी दोन तास झोपणार. आणि झोपले. ते वचन पाळणंच होतं असं मी आजही मनापासून मानते. थकलेल्या माणसाला अजून प्रार्थना कर, अजून विश्वास ठेव असं सांगायच्या आधी तो जेवला का, झोपला का हे विचारायला मी या अध्यायातून शिकले आणि घरात सगळ्यांना तेच विचारत असते आता.

या अध्यायाचा पुढचा भागही बघण्यासारखा आहे. डोंगरावर सोसाट्याचा वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो, आणि देव त्यातल्या कशातच नसतो, मग एक शांत, हळुवार आवाज येतो. यावर खूप उपदेश ऐकलेत आपण सगळ्यांनी. पण त्या आवाजानंतरही एलीया तेच रडगाणं शब्दाला शब्द परत म्हणतो, की मी एकटाच उरलोय. म्हणजे एवढा अनुभव येऊनही लगेच माणूस बदलला असं झालेलं नाही. मग देव त्याला कामं देतो, या या लोकांना अभिषेक कर, त्यातला एक अलीशा, जो पुढे त्याचा सोबती होतो, आणि शेवटी सांगतो की इस्राएलात सात हजार माणसं अशी आहेत ज्यांनी बआल दैवतापुढे गुडघे टेकलेले नाहीत. तू एकटा नाहीस याचं उत्तर भावनेत नाही, एका माणसाच्या नावात आणि एका आकड्यात दिलंय. मला हे फार आवडतं.

नीतिसूत्रांबद्दल थोडक्यात सांगते. अध्याय ३१ आहेत, त्यामुळे तारखेप्रमाणे एक वाचता येतो, आणि खूप जण तसं वाचतातही. ती समजायला मागचंपुढचं इतकं लागत नाही, कारण बरीचशी सुटीसुटीच आहेत. तोंडावर ताबा ठेवण्याबद्दल त्यात इतकं आहे की मी भांडणाच्या दिवशी तेच उघडते. मऊ उत्तराने राग शांत होतो हे १५:१, आणि ऐकून घ्यायच्या आधीच उत्तर देणं हा मूर्खपणा हे १८:१३. दादाशी खर्चावरून खटका उडाला तेव्हा मोठा मेसेज टाईप करून झाला होता, आणि सकाळीच १८:१३ लिहिलेलं होतं वहीत, मग तो मेसेज पुसला आणि नुसतं विचारलं, "तुझ्यावर सध्या किती हप्ते आहेत?" त्यानंतर जे बोलणं झालं ते आमच्यात कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

पण सगळे दिवस असे नव्हते. मधे एक मोठा पट्टा असा गेला की वचनं नुसती अक्षरं वाटायची. वाचायचे, लिहायचे, काही होत नव्हतं. अशा दिवसांत गोड वचनं मला उलट दूर लोटायची, गरुडासारखे पंख पसरून उडतील वगैरे वाचलं की वाटायचं हे दुसऱ्या कोणासाठी आहे. तेव्हा मावशींनी स्तोत्र १३ दिलं. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोन वचनांतच दावीद चार वेळा विचारतो, कुठवर? कुठवर परमेश्वरा, कायमचाच विसरणार आहेस का मला? मला हे माहीतच नव्हतं असं नाही, ऐकलं होतं, पण आपण हे मोठ्याने म्हणू शकतो, देवासमोर, प्रार्थना म्हणून, हे त्या दिवशी पहिल्यांदा केलं. मग तशी शोधून वाचायला लागले. स्तोत्र ४२ आणि ४३ मध्ये माणूस स्वतःच्या जिवाशीच बोलतो, तू का खिन्न झालास, देवाची आशा धर, आणि हे एकदा म्हणून त्याचं काम होत नाही, तो तीनदा म्हणतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. शेवटी उजेड येतच नाही त्यात. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, ते कोणी काढून टाकलं नाही, त्याला शेवटी एक आनंदाचं वचन जोडून दिलं नाही. मला स्तोत्र ८८ मधून जेवढा आधार मिळाला तेवढा फार थोड्या गोष्टींतून मिळाला, कारण ते म्हणणारा माणूसही सुरुवात करतो ती माझ्या तारणाऱ्या देवा असं म्हणूनच. बोलणं तुटलेलं नाही, आणि तेवढं पुरतं.

विलापगीतही त्याच दिवसांत वाचलं. त्याची दया रोज सकाळी नवी होते, हे ३:२२-२३ मधलं वचन आपण सगळे गातो, म्हणतो. पण ते कुठे आहे बघा, इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, उपासमारीने मुलं रस्त्यात पडली, त्या सगळ्यावरचं हे रडणं आहे. पाच अध्याय, त्यातल्या चार अध्यायांत प्रत्येकी २२ वचनं आणि मधल्या तिसऱ्यात ६६, कारण इब्री वर्णमालेत २२ अक्षरं आहेत आणि पहिली चार गीतं त्या अक्षरांच्या क्रमाने रचलेली आहेत. म्हणजे एवढ्या दुःखातला माणूस आपलं दुःख एकेका अक्षराने शेवटपर्यंत लिहून काढतोय, काही सोडत नाहीये. आणि बरोबर मधे, रडण्याच्या ऐन मध्यावर, ते दयेचं वचन आहे. त्यानंतर रडणं थांबत नाही, अजून अडीच अध्याय चालू राहतं. हे बघितल्यावर मला माझ्या रडण्याची लाज वाटणं थांबलं. सकाळी दया नवी, आणि दुपारी परत रडू, हे दोन्ही एकाच दिवसात बसू शकतं.

काही लोक डोळे मिटून बायबल उघडतात आणि बोट पडेल ते वचन आजचं धरतात. देव कसाही बोलू शकतो, त्यामुळे मी कोणाला नावं ठेवणार नाही, पण मी तसं करत नाही, आणि त्याचं कारण मत्तयाचा चौथा अध्याय आहे. तिथे सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करून वचनच सांगतो, स्तोत्र ९१ मधलं, की देवदूत तुला हातांवर झेलतील, टाक उडी. वचन खरंच आहे, शब्दही बरोबर आहेत. आणि येशू त्याला दुसऱ्या वचनाने उत्तर देतो, बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातल्या, की परमेश्वराची परीक्षा पाहू नको. म्हणजे एकटं तोडलेलं वचन कुठेही नेऊ शकतं आणि बाकीचं शास्त्र माहीत असेल तरच ते कळतं. माझ्या काकू बाबांच्या आजारात मला एक वचन दाखवून म्हणाल्या होत्या की औषधं बंद करा, बरे होतील, आणि मी त्यांना शांतपणे म्हटलं, "काकू, प्रार्थना आपण मिळून करू, औषधं चालू राहतील." पौल स्वतः आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी उपाय सांगतोच की, आणि लूकला कलस्सैकरांच्या पत्रात प्रिय वैद्य म्हटलंय.

दुसऱ्यांना वचन पाठवण्याबद्दलही माझं आता ठाम मत झालंय. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र येतात तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. तोपर्यंत ते उत्तम मित्र आहेत. मग बोलायला लागतात, आणि त्यातलं बरंचसं सुटं सुटं काढलं तर अगदी धार्मिक, फोटोवर लिहिण्यासारखं आहे, आणि शेवटी ४२व्या अध्यायात देव म्हणतो की माझा तुमच्यावर राग आहे, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. नीतिसूत्रे २५:२० मध्येही आहे, खिन्न माणसासमोर गाणी म्हणणं म्हणजे थंडीच्या दिवशी त्याच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणं. माझ्या मैत्रिणीची आई गेली तेव्हा मी तिला वचन पाठवलं नाही. गेले, तिच्याजवळ बसले, तिच्या मुलाला शाळेतून आणलं, रडणाऱ्यांबरोबर रडा हे रोमकरांस १२:१५ मधलं आहे, ते पाठवायचं वचन नाही, करायचं आहे. बऱ्याच दिवसांनी तिनेच विचारलं की तू बाबांच्या वेळी काय वाचायचीस गं, तेव्हा तिला स्तोत्र १३ दिलं, आणि म्हटलं, "आधी एकटी वाच, मोठ्याने वाच."

पाठ करण्याचाही खूप फायदा झाला, विशेषतः हॉस्पिटलच्या बाकावर, जिथे ना वही उघडावीशी वाटते ना मोबाईल. मी एकेक वचन नाही, छोटा तुकडा पाठ करते, चारपाच वचनांचा, म्हणजे मागचंपुढचं सोबत येतं. स्तोत्र २३ तर सहाच वचनांचं आहे. त्यात एक गोष्ट लक्षात आली ती पाठ असल्यामुळेच, की सुरुवातीला तो देवाबद्दल बोलतो, तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो, आणि जिथे मृत्यूच्या छायेच्या दरीची गोष्ट येते तिथे एकदम तू म्हणायला लागतो, तू माझ्याबरोबर आहेस. बाबांना आत नेलं होतं आणि मी त्या वचनावर आले, आणि मीही तू म्हणायला लागले. त्याच्या आधी बराच काळ मी देवाबद्दल बोलत होते, देवाशी नाही.

बाबा आता घरात हळूहळू चालतात, पूर्ण बरे नाहीत, होतील की नाही हे डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. मला काम मिळालं, आधीच्यापेक्षा पगार कमी आहे, पण संध्याकाळी वेळेत घरी येते. वचन वाचलं म्हणून हे मिळालं असं मी म्हणत नाही, कारण तेवढीच वचनं वाचणाऱ्या काही लोकांना अजून काम मिळालेलं नाही आणि त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा कमी आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही. मी एवढंच सांगू शकते की त्या सगळ्या काळात मला उठता आलं, कामं करता आली, माणसांशी नीट वागता आलं, आणि जिथून ते बळ आलं ते ठिकाण मला दाखवता येतं, अध्याय आणि वचनासकट.

कोणाला सुरू करायचं असेल तर उत्पत्तीपासून सगळं बायबल वाचायचा प्लॅन करू नका असं मी सांगेन, ६६ पुस्तकं आहेत आणि लेवीयपर्यंत पोचता पोचता बरेच जण सोडून देतात. मार्क घ्या, १६ अध्याय आहेत, गोष्ट भराभर पुढे जाते, आणि नवव्या अध्यायात तो बाप आहे जो आजारी मुलासाठी आलाय आणि म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, त्याच्यापाशी दोन दिवस थांबा. किंवा फिलिप्पैकरांस. किंवा रूथ, चार अध्याय, ज्यात देव कोणाशी थेट बोलत नाही, आकाशातून काही होत नाही, एक सून सासूला सोडत नाही आणि शेतात सरवा वेचायला जाते. मी आत्ता हबक्कूक वाचतेय, तीनच अध्याय आहेत आणि पहिला सगळा देवाशी वादच आहे, आणि माझी आजची दुसरी ओळ अजून लिहायची राहिलीय.